घरी जोडलेल्या डेस्कटॉपचा आवाज चरचरतो, फाटतो: साउंड कार्ड घेण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा: सुटे भाग आणून डेस्कटॉप घरीच जोडला. मदरबोर्डच्या मागच्या हिरव्या जॅकला स्पीकर, कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला हेडफोन. गाणं लावलं की मधूनमधून चरचर होते, गेम सुरू केला की ती वाढते, आणि आवाज मोठा केला की फाटतो. साउंडचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, फरक पडला नाही. मदरबोर्डवरची साउंड चिप खराब समजायची का, आणि वेगळं साउंड कार्ड घ्यायचं का?

इतक्यात घेऊ नका. चिप स्वतः खराब असणं हे या सगळ्या कारणांमधलं सगळ्यात दुर्मीळ. शिवाय तुमच्या वर्णनात किमान दोन वेगवेगळे दोष एकत्र मिसळलेत. आवाज वाढवल्यावर फाटणं हा पातळीचा दोष, आणि मधूनमधून चरचरणं हा बहुधा वेळेचा किंवा वायरिंगचा. दोन्ही एकाच उपायाने जातील अशी अपेक्षा ठेवली की माणूस ड्रायव्हर टाकत बसतो.

आधी नीट ऐका

ओळखीचं एक गाणं घ्या आणि त्यातला दहा सेकंदांचा तुकडा चार-पाच वेळा लावा. चरचर दर वेळी त्याच शब्दावर, त्याच ठेक्यावर येत असेल तर दोष फाइलमध्ये आहे किंवा पातळी जास्त झाली आहे. दर वेळी वेगळ्या जागी येत असेल तर संगणक आवाजाचा डेटा वेळेवर पोचवू शकत नाही, किंवा कुठेतरी संपर्क सैल आहे. ही एक चाचणी अर्धा शोध संपवते, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

मग गाणं थांबवून शांततेत ऐका. काहीच वाजत नसतानाही स्पीकरमधून घूं असा सलग खालच्या पट्टीतला आवाज येत असेल तर तो वीजपुरवठ्याच्या फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे ५० किंवा ६० हर्ट्‌झचा आणि त्याच्या पटींचा. हा अर्थिंगचा मामला. माउस हलवला, पान सरकवलं की बारीक झिझिझ ऐकू येत असेल तर संगणकातला विद्युत गोंगाट ॲनालॉग तारेत शिरतोय. शांततेत काहीच नाही आणि फक्त वाजताना बिघडतं, तर पातळी, वेळ किंवा संपर्क यांपैकी काहीतरी.

एक गल्लत मात्र टाळा. ग्राफिक्स कार्डावरची कॉइल जोर आल्यावर स्वतःच किणकिणते आणि तो आवाज थेट कॅबिनेटमधून येतो. स्पीकर बंद करा. किणकिण तरीही ऐकू आली तर ऑडिओचा काहीच दोष नाही. गेममध्ये फ्रेम रेटला मर्यादा घातली की ती बरीच कमी होते.

साखळी मधोमध तोडा

आवाज फाइलपासून कानापर्यंत एका साखळीतून जातो: प्रोग्रॅम, विंडोजचा मिक्सर, ड्रायव्हर, चिप, जॅक, तार, ॲम्प्लिफायर, स्पीकर. ती मधोमध तोडून कुठला अर्धा भाग दोषी ते बघायचं, मग त्या अर्ध्याचा अर्धा.

पहिला घाव जॅकवर घाला. तीच तार, तेच स्पीकर मोबाइलला किंवा दुसऱ्या कुठल्याही प्लेअरला लावा. तिथेही फाटत असेल तर संगणक निर्दोष आहे, पुढचं सगळं वाचायची गरज नाही. स्पीकरच्या कोनाभोवतीची कड फाटलेली असते, किंवा कॉइल चुंबकाला घासत असते. ४० ते २०० हर्ट्‌झची साइन वेव्ह (एकाच सुराचा सलग आवाज) हळू आवाजात लावली की ही घासाघीस स्पष्ट ऐकू येते. नॉब फिरवतानाच खरखर होत असेल तर नॉबमध्ये धूळ आहे, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून नॉब वीस-तीसदा पुढे-मागे फिरवा. फवारताना स्पीकरची वीज काढलेली हवी.

दुसरा घाव संगणकाच्या बाजूने. हेडफोन आधी मागच्या हिरव्या जॅकला, मग पुढच्या जॅकला लावा. मागे स्वच्छ आणि पुढे खराब, तर दोष पुढच्या पॅनेलच्या तारेत. दोन्हीकडे खराब असेल तर मॉनिटरला स्पीकर किंवा हेडफोनचा जॅक आहे का बघा आणि विंडोजमध्ये आउटपुट म्हणून मॉनिटर निवडून ऐका. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टमधून जाणारा आवाज मदरबोर्डच्या साउंड चिपला वळसा घालून ग्राफिक्स कार्डातून जातो. तिथेही चरचर तशीच असेल तर चिप, जॅक, पुढची तार हे सगळे एकदम सुटले आणि संशय डेटा उशिरा पोचण्याच्या दोषावर आला.

तिसरा घाव विंडोज आणि हार्डवेअर यांच्यामध्ये. पेन ड्राइव्हवर कुठलंही लाइव्ह लिनक्स (इन्स्टॉल न करता थेट पेन ड्राइव्हवरून चालणारं) घ्या, त्यावरून संगणक सुरू करा आणि तेच गाणं लावा. तिथे स्वच्छ वाजलं तर हार्डवेअर ठीक आहे, भानगड विंडोज किंवा त्याच्या ड्रायव्हरची. तिथेही चरचर असेल तर बायोस (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर), रॅमची सेटिंग किंवा वायरिंग बघा. विंडोज पुन्हा टाकण्यात दुपार घालवू नका.

आवाज वाढवल्यावर फाटणं

हा भाग सोपा आहे, पण बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, कारण दोषी सेटिंग 'सुधारणा' या नावाखाली लपलेली असते. डिजिटल आवाजाला एक छत असतं, शून्य डेसिबल. गाणी आजकाल त्या छताला डोकं टेकवूनच बनवलेली असतात. इक्वलायझरमध्ये बेस ६ डेसिबलने वाढवला म्हणजे त्या पट्टीचा व्होल्टेज दुप्पट झाला. वर जागाच नाही, मग लाटेचं डोकं छाटलं जातं. तोच फाटका आवाज. विंडोजच्या मिक्सरमध्ये छताशी एक लिमिटर (पातळी छताबाहेर जाऊ न देणारा भाग) बसलेला असतो, त्यामुळे कधीकधी फाटण्याऐवजी ढोल वाजला की गायकाचा आवाज दबतो, ढोल थांबला की वर येतो, असंही होतं.

उपाय: इक्वलायझरमध्ये जी पट्टी सर्वांत जास्त वाढवली असेल तितकंच प्रीॲम्प (इक्वलायझरमधली एकूण पातळी) खाली आणा. बेस +६ असेल तर प्रीॲम्प −६. एकूण आवाज कमी वाटेल, तो स्पीकरच्या नॉबने भरून काढा.

मग विंडोज ११ च्या साउंड सेटिंगमध्ये तुमच्या आउटपुटवर क्लिक करून 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद करा, 'स्पेशियल साउंड' बंद करा. मदरबोर्डसोबत येणारं आवाज 'सुधारणारं' सॉफ्टवेअर वेगळं असतं आणि ते या बटणाने नेहमी बंद होत नाही. माझं मत विचाराल तर ते काढूनच टाका. व्हर्च्युअल सराउंड, बेस बूस्ट, आवाज स्पष्ट करणारे फिल्टर एकावर एक चढले की मूळ गाण्याचं काही शिल्लक राहत नाही. स्पीकर दोनच असताना सेटिंगमध्ये ५.१ (सहा स्पीकरांची मांडणी) निवडलेलं असेल तर संवाद मधल्या, अस्तित्वात नसलेल्या स्पीकरकडे जातात आणि फक्त पार्श्वसंगीत उरतं. तेही स्टिरिओवर आणा.

विंडोजचा आवाज १०० वर आणि स्पीकरचा नॉब अगदी तळाशी, अशी जोडी असेल तर उलट करून बघा. विंडोज ७० च्या आसपास, बाकी नॉबवर. छोट्या स्पीकरांच्या ॲम्प्लिफायरला मदरबोर्डचा पूर्ण पातळीचा सिग्नल कधीकधी झेपत नाही, त्याचं इनपुटच आधी फाटतं आणि नॉब कमी केला तरी फाटलेलाच आवाज हळू ऐकू येतो. हेडफोनचं उलट असतं: १६ ते ३२ ओहमचे हेडफोन मागच्या जॅकला लावले की बेसला जोर पुरत नाही, कारण अनेक बोर्डांमध्ये हेडफोनचा ॲम्प्लिफायर फक्त पुढच्या जॅकला जोडलेला असतो. जॅक घालताच 'कुठलं उपकरण लावलं' असं विचारणारी खिडकी येते, तिथे हेडफोनला हेडफोन आणि स्पीकरला लाइन आउटच सांगा. ती खिडकी घाईत बंद केलेली असते, हे लक्षात असू द्या.

जोडणी करताना राहून गेलेल्या गोष्टी

घरी जोडलेल्या मशीनमध्ये हा भाग सगळ्यात आधी उघडून बघावा असा आहे. संगणक बंद करा, पॉवर सप्लायचं मागचं बटण बंद करा, तार काढा, मग झाकण उघडा.

पुढच्या पॅनेलची ऑडिओ तार बोर्डाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातल्या हेडरला (पिनांच्या जोडणीला) जाते. जुन्या कॅबिनेटमध्ये त्या तारेला दोन तोंडं असतात, एकावर 'एचडी ऑडिओ' आणि दुसऱ्यावर 'एसी ९७'. आजच्या बोर्डाला फक्त एचडी ऑडिओ लावायचं, दुसरं मोकळं सोडायचं. एसी ९७ लावलं तर आवाज येतो, पण जॅक घातल्याचं बोर्डाला कळत नाही आणि मागचा-पुढचा आवाज गोंधळतो. हेडर ओळखायला पिना मोजा: दोन्ही हेडर दोन ओळींत पाच-पाच पिनांचे दिसतात, यूएसबी २.० च्या हेडरला टोकाची पिन नसते, ऑडिओच्या हेडरला टोकापासूनची दुसरी नसते. कनेक्टर जोर लावल्याशिवाय बसत नसेल तर तो चुकीच्या जागी आहे.

ही तार जाते ग्राफिक्स कार्डाच्या अगदी खालून, पुष्कळदा पॉवर सप्लायच्या तारांच्या जुडग्यातून. तिला शील्ड (गोंगाट अडवणारं धातूचं आवरण) नसेल तर गेम सुरू झाल्यावरची झिझिझ इथेच चिकटते. तार बोर्डाच्या मागच्या बाजूने, कॅबिनेटच्या कडेने न्या आणि पॉवरच्या तारांना शक्यतो काटकोनात ओलांडू द्या, समांतर नको. खात्री करायची असेल तर पुढचा कनेक्टर बोर्डावरून काढूनच टाका आणि मागच्या जॅकवर ऐका. मागचा आवाजही सुधारला तर पुढच्या जॅकची छोटी पट्टी किंवा तिची तार खराब आहे.

मागे बघा. आय/ओ शील्डच्या, म्हणजे मागच्या जॅकांभोवतीच्या पत्र्याला पातळ जिभा असतात. बोर्ड सरकवताना त्यातली एखादी वाकून जॅकच्या भोकात घुसते. टॉर्च मारून प्रत्येक जॅकमध्ये डोकावा. जीभ आत असेल तर प्लग पूर्ण बसत नाही, किंवा ती थेट संपर्काला टेकते आणि प्लगला हात लागला की खर्र होतं.

प्लग अर्धवट बसल्याची खूण मोठी मजेदार असते. गाण्यातलं संगीत ऐकू येतं, पण गायक गायब होतो किंवा दुसऱ्या खोलीतून गातोय असं वाटतं. कारण ग्राउंडचा संपर्क सुटला की डावा आणि उजवा स्पीकर एकमेकांशी मालिकेत जोडले जातात आणि दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज, म्हणजे नेमका गायकाचा, वजा होतो. माइक असलेल्या मोबाइलच्या इअरफोनला चार पट्ट्यांचा प्लग असतो, तो बोर्डाच्या तीन पट्ट्यांच्या जॅकमध्ये घातला की कधीकधी हेच घडतं. इअरफोनच्या तारेवरचं बटण दाबून धरा. दाबलं असताना आवाज एकदम भरीव झाला आणि सोडल्यावर पुन्हा पोकळ झाला, तर निदान पक्कं: ते बटण माइकची तार ग्राउंडला जोडतं, म्हणून तेवढ्यापुरता संपर्क पुरा होतो. चार पट्ट्यांचा प्लग हेडफोन आणि माइक अशा दोन वेगळ्या प्लगांत फोडणारी जोडतार लावली की काम झालं.

राहिला बोर्डाखालचा पितळी खांब. कॅबिनेटमध्ये मोठ्या बोर्डासाठी बसवलेले खांब छोटा बोर्ड लावतानाही तसेच राहिले, तर बोर्डाला जिथे भोक नाही तिथे खांब सोल्डरच्या टाक्यांना टेकतो. सुदैव असेल तर संगणक सुरूच होत नाही. सुरू झाला तर असे चमत्कारिक दोष महिनोन्‌महिने छळतात. भोकं आणि खांब जुळवून बघा, जास्तीचे काढा.

घूं आणि झिझिझ

घूं ऐकू येत असेल तर संगणक आणि स्पीकर यांच्यात ग्राउंडच्या दोन वाटा तयार झाल्यात. एक ऑडिओ तारेतून, दुसरी विजेच्या तारेतून, टीव्हीच्या केबलमधून किंवा यूएसबीतून. या दोन वाटांच्या वेटोळ्यातून थोडा प्रवाह फिरतो आणि तो ॲम्प्लिफायरला आवाजच वाटतो.

यातला सगळ्यात नेहमीचा नमुना म्हणजे यूएसबीवर चालणारे छोटे स्पीकर. वीज त्याच संगणकाच्या यूएसबीतून, आवाज त्याच संगणकाच्या जॅकमधून, म्हणजे वेटोळं आयतंच तयार. त्यांची यूएसबी तार मोबाइलच्या चार्जरला लावून बघा. झिझिझ गेली तर कायमच तिथे लावा. इतर स्पीकरांच्या बाबतीत संगणक, मॉनिटर आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणा, मग मॉनिटरची आणि टीव्हीची केबल एकेक करून काढून ऐका. जिच्यामुळे आवाज थांबतो ती दुसरी वाट. ती तोडता येत नसेल तर ऑडिओ तारेत ग्राउंड लूप आयसोलेटर घाला. त्यात दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज पलीकडे जातो, ग्राउंड जात नाही. स्वस्त आयसोलेटर खोल बेस थोडा खातात. बोर्डाला आणि स्पीकरला दोन्हीकडे ऑप्टिकल सॉकेट असेल तर तोच उत्तम मार्ग, काचेच्या किंवा प्लास्टिकच्या धाग्यातून वीज वाहतच नाही.

अर्थची पिन कापून किंवा अर्थ नसलेला अडॅप्टर लावून घूं घालवू नका. पॉवर सप्लायच्या आत फिल्टरचे कपॅसिटर विजेच्या तारांपासून कॅबिनेटच्या पत्र्यापर्यंत लावलेले असतात. अर्थ नसेल तर ते पत्र्याला साधारण अर्ध्या व्होल्टेजवर आणून ठेवतात. उघड्या पायाने कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात त्या यामुळेच. सॉकेटला अर्थ मिळतच नसेल तर आवाजाचा प्रश्न बाजूला ठेवा आणि आधी इलेक्ट्रिशियनकडून ते काम करून घ्या.

मधूनमधून चरचर: वेळेचा दोष

तुमचा मुख्य त्रास बहुधा हाच आहे, कारण तो गेममध्ये वाढतो.

संगणक आवाज सलग पाठवत नाही, तुकडे करून पाठवतो. ४८ किलोहर्ट्‌झला सेकंदाला ४८,००० नमुने लागतात. विंडोज साधारण १० मिलिसेकंदांचे, म्हणजे ४८० नमुन्यांचे तुकडे देत राहतं. एखाद्या ड्रायव्हरने प्रोसेसर तेवढा वेळ अडवून धरला की पुढचा तुकडा वेळेवर येत नाही आणि मध्ये खड्डा पडतो. तो खड्डा कानाला टक किंवा चर्र असा लागतो. अडवणारा ड्रायव्हर बहुतेकदा साउंडचा नसतोच. म्हणून साउंडचा ड्रायव्हर बदलून काही झालं नाही.

कुठला ड्रायव्हर प्रोसेसर किती वेळ अडवतो ते मोजणारं लेटन्सीमॉन हे मोफत सॉफ्टवेअर टाका, सुरू करा आणि दहा-पंधरा मिनिटं चरचर होईल असंच काम करत राहा. मग ड्रायव्हरांच्या पानावर जाऊन कुणी सगळ्यात जास्त वेळ घेतला ते बघा. ५०० मायक्रोसेकंदांच्या आत असेल तर निर्धास्त राहा, १,००० च्या पुढे संशय घ्या, कित्येक हजार असेल तर चोर सापडला. नावात 'एनडीआयएस' असेल तर नेटवर्क: डिव्हाइस मॅनेजरमधून वाय-फाय बंद करून बघा, फरक पडला तर त्याचा ड्रायव्हर बदला किंवा लॅनची केबल लावा. 'एनव्हीएलडीडीएमकेएम' हा एनव्हिडियाचा ग्राफिक्स ड्रायव्हर. तो स्वच्छ काढून नवा टाका, नव्यातच बिघाड सुरू झाला असेल तर आधीच्या आवृत्तीवर जा. 'स्टोरपोर्ट' म्हणजे डिस्क. 'एसीपीआय' आलं तर बायोस, वीजबचत, किंवा पंखे आणि रंगीत दिवे चालवणारी सॉफ्टवेअरं. तापमान दाखवणारी दोन-तीन सॉफ्टवेअरं एकाच वेळी त्याच सेन्सरांना विचारत बसलेली असतात. ती सगळी बंद करून पुन्हा मोजा. हार्ड पेज फॉल्टचा (रॅमऐवजी डिस्कवरून डेटा आणावा लागण्याचा) आकडा भरमसाट असेल तर रॅम अपुरी पडतेय.

रॅमवरून आठवलं. एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) चालू असेल तर बायोसमध्ये ते बंद करून एक दिवस ऐका. रॅमचा वेग काठावर असला की संगणक बंद पडण्याआधी आवाज चरचरू लागतो, विशेषतः एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्ये, जिथे रॅमसोबत आतल्या फॅब्रिकचा (प्रोसेसरमधले भाग जोडणाऱ्या जाळ्याचा) वेगही वाढू शकतो. मेमरी टेस्ट पास झाली म्हणून हा संशय सोडू नका. चरचर गेली तर रॅमचा वेग एक पायरी खाली आणा.

रायझनचे आणखी दोन जुने आजार माहीत असलेले बरे, कारण वापरलेले बोर्ड घेऊन जोडणी करणाऱ्यांच्या वाट्याला ते अजूनही येतात. २०२१ मध्ये ५०० मालिकेच्या चिपसेटवर यूएसबी क्षणभर तुटायचं आणि यूएसबी हेडसेटचा आवाज तुटक यायचा. उपाय एजेसा (बायोसमधला एएमडीचा कोड) १.२.०.२ असलेल्या बायोसमध्ये आला. दुसरा एफटीपीएमचा (प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या सोयीचा): अधूनमधून अख्खा संगणक क्षणभर अडखळतो, माउस थांबतो, आवाज घरघरतो. एएमडीने तो मार्च २०२२ मध्ये मान्य केला आणि उपाय एजेसा १.२.०.७ मध्ये दिला. बायोसची तारीख त्याआधीची असेल तर अद्ययावत करा. डिस्कवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) असेल तर त्याची रिकव्हरी की आधी दुसरीकडे लिहून ठेवा, नाहीतर आवाज सुधारेल आणि डिस्क उघडणार नाही.

आता साउंडच्या ड्रायव्हरबद्दल. तोच ड्रायव्हर पुन्हा टाकण्यापेक्षा मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हर लावून बघा. डिव्हाइस मॅनेजर, साउंडमध्ये रिअलटेक, अपडेट ड्रायव्हर, संगणकावरच शोधा, यादीतून निवडू द्या, आणि यादीतला 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस'. यात झगमगाट काही नसतो, म्हणूनच तपासणीला तो चांगला. बोर्डावर एएलसी ४०८० ही चिप असेल तर मात्र ती दिसायला बोर्डावरची असली तरी आतून यूएसबीने जोडलेली असते. तिथे चिपसेटचा ड्रायव्हर, बायोस आणि यूएसबीची वीजबचत यांचाच विचार करा.

पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. यूएसबी हेडसेट हबमधून काढून मागच्या पोर्टला थेट लावा. साउंडच्या जुन्या खिडकीत (रन मध्ये एम-एम-एस-वाय-एस डॉट सी-पी-एल) आउटपुटच्या प्रगत टॅबवर २४ बिट, ४८,००० हर्ट्‌झ ठेवा. १,९२,००० ठेवून कानाला काही मिळत नाही, संगणकाचं काम चौपट होतं. आवाज चरचरण्याऐवजी गायकाचा सूरच वर चढला आणि गाणं घाईत संपतंय असं वाटलं, तर ४४.१ चा आवाज ४८ च्या घड्याळावर वाजतोय. व्हर्च्युअल केबल किंवा रेकॉर्डिंगचा इंटरफेस असेल तर दोन्हीकडे एकच दर ठेवा.

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्येच तेवढी चरचर येत असेल तर बफर (एका वेळी पाठवायचा तुकडा) वाढवा. १२८ नमुने म्हणजे जेमतेम २.७ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.३. लिनक्सवर पाइपवायर (आवाज हाताळणारी व्यवस्था) असेल तर तिची स्थिती दाखवणारी पीडब्ल्यू-टॉप ही आज्ञा चालवा. 'ईआरआर' या स्तंभातला आकडा चरचरीबरोबर वाढला तर तोच दोष.

फक्त गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी टक होतं, मध्ये सगळं स्वच्छ? चिप झोपते आणि जागी होते, एवढंच. लिनक्समध्ये 'एसएनडी एचडीए इंटेल'ची पॉवर सेव्ह शून्यावर आणा. विंडोजमध्ये साधा ड्रायव्हर लावल्यावर तो टक गेला, तर उत्पादकाच्या ड्रायव्हरची वीजबचत कारणीभूत होती.

ब्लूटूथ असेल तर

ब्लूटूथ हेडफोनचा आवाज अचानक टेलिफोनसारखा झाला तर कुठल्यातरी प्रोग्रॅमने त्याचा माइक उघडलाय. माइक चालू होताच जोडणी फोनवर बोलण्याच्या पद्धतीवर जाते आणि आवाज ८ किंवा १६ किलोहर्ट्‌झचा, तोही मोनो होतो. माइक वेगळा वापरा. आवाज तुटत असेल तर मदरबोर्डसोबत आलेले अँटेना लावलेत का बघा. खोक्यात राहून जातात. सुटा ब्लूटूथ डाँगल यूएसबी ३ च्या पोर्टशेजारी असेल तर ते पोर्ट नेमक्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गोंगाट करतं. अर्ध्या मीटरची एक्स्टेंशन तार लावून डाँगल दूर न्या.

मग साउंड कार्ड कधी

मागच्या जॅकवर झिझिझ आहे, वायरिंग तपासून झालं, अर्थ ठीक आहे, आणि एचडीएमआयवर तोच आवाज स्वच्छ येतोय: मग खर्च करा. तेव्हाही कॅबिनेटच्या आत बसणाऱ्या कार्डापेक्षा साधा यूएसबी डॅक (डिजिटल आवाजाचा ॲनालॉग करणारं बाहेरचं उपकरण) घ्या असं सांगेन. आतलं कार्ड ग्राफिक्स कार्डाच्याच शेजारी बसतं, त्याच गोंगाटात. डॅक बाहेर असतो, पण घूं ग्राउंडच्या वेटोळ्याची असेल तर ती यूएसबीच्या तारेतूनही येते, म्हणून ते आधी सोडवलेलं हवं. २५० किंवा ३०० ओहमचे हेडफोन असतील तर डॅकमध्ये हेडफोनचा ॲम्प्लिफायर आहे ना ते बघून घ्या. लाइव्ह लिनक्समध्येही एक बाजू गप्प आहे, दुसरी तार लावूनही गप्प आहे, तर चिप किंवा जॅक खरोखर गेला. वॉरंटी असेल तर डॅकऐवजी बोर्डच परत करा.

लेटन्सीमॉनमध्ये लाल रेघ येत असेल, म्हणजे एखादा ड्रायव्हर फार वेळ घेत असेल, तर मात्र डॅक, कार्ड, काहीही आणा, चरचर तशीच राहील. त्या सगळ्यांना तुकडे पुरवणारा प्रोसेसर तोच आहे, आणि त्याला अडवणारा ड्रायव्हरही तोच.